चार पेपर, सहा आठवडे : तयारीच्या कामाच्या नोंदी

पेपर : स्टॅटिस्टिक्स, थर्मोडायनॅमिक्स, मटेरियल सायन्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट. प्रत्येकी ८० गुण, ३ तास. पहिले चार आठवडे लेक्चर चालूच, त्यामुळे हाताशी रोज सुटे-सुटे मिळून चार-साडेचार तास. नोंदींवर तारखेऐवजी परीक्षेला उरलेले दिवस घातले आहेत, म्हणजे पुढच्याला आपल्या वेळापत्रकाशी जुळवायला सोपं जाईल.

उरले ४२ दिवस

आज पुस्तक उघडलं नाही, फक्त मोजणी. अभ्यासक्रमाची प्रत आणि मागच्या सहा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापून घेतल्या. प्रत्येक प्रश्न कुठल्या युनिटचा, किती गुणांचा, हे एका तक्त्यात भरलं. चार पेपरांत मिळून अख्खी दुपार गेली.

नुसतं युनिटचं नाव लिहून भागत नाही, प्रश्नातलं क्रियापदही तक्त्यात हवं. ‘काढा’, ‘सिद्ध करा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘आकृतीसह वर्णन करा’ यांची तयारी वेगवेगळी असते. थर्मोत हे लगेच दिसलं. एन्ट्रॉपीवर पुस्तकात पानंच्या पानं आहेत, पण पेपरात सिद्धता क्वचित आणि गणित दर वेळी. म्हणजे त्या युनिटला वाचन कमी, सोडवणं जास्त.

वेळ वाया गेला तो जुन्या पॅटर्नमुळे. सहापैकी दोन प्रश्नपत्रिका अभ्यासक्रम बदलण्याआधीच्या निघाल्या, त्यामुळे मटेरियल सायन्सचा गुणभार साफ चुकला आणि तक्ता पुन्हा भरावा लागला. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर पॅटर्नचं वर्ष छापलेलं असेल तर ते बघायचं, नसेल तर प्रश्न अभ्यासक्रमाशी ताडून घ्यायचे, आणि मगच मोजायला बसायचं.

उरले ४१

अभ्यासाला हात लावण्याआधीच प्रत्येक विषयाची एक जुनी प्रश्नपत्रिका पुस्तक बंद ठेवून बघितली. पूर्ण सोडवली नाही. प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटं, तेवढ्यात उत्तराचा सांगाडा कागदावर येतो का एवढंच पाहायचं. पूर्ण आला तर बरोबरची खूण, अर्धा आला तर अर्धी, काहीच नाही तर फुली.

हे आधी करायचं कारण असं, की अभ्यासाला बसलं की हात आपोआप येणाऱ्या युनिटकडे जातो. स्टॅटमधली मध्य, मध्यक, विचलनं सगळ्यांना येतात आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. फुल्या पडल्या त्या परिकल्पना चाचण्यांत, थर्मोच्या स्टीम टेबलवाल्या (वाफेच्या गुणधर्मांच्या सारण्या) गणितांत आणि लोह-कार्बन आकृतीत (तापमान आणि कार्बनच्या प्रमाणानुसार पोलादाच्या अवस्था दाखवणारा आलेख). फुली आणि गुणभार दोन्ही जिथे जास्त, ती युनिटं यादीत सगळ्यात वर.

उरले ३९

वेळापत्रकाचा पहिला आराखडा दोन दिवसांत मोडला. तासांवर बेतला होता : सहा ते आठ थर्मो, आठ ते नऊ स्टॅट. एक प्रॅक्टिकल लांबलं की पुढचे सगळे डबे रुळावरून घसरतात. शिवाय ‘थर्मो, दोन तास’ हे काम संपलं कधी म्हणायचं, ते कळतच नाही.

नवा आराखडा कामांवर. प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासता येईल असं काहीतरी हवं : ‘रँकिन सायकलची ४ गणितं, पुस्तक बंद’, ‘लोह-कार्बन आकृती आठवून, आकड्यांसह’. रोज अशी तीन कामं, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा. तो सुट्टीचा नाही, मागे राहिलेलं भरून काढण्याचा. मोकळा दिवस न ठेवता केलेलं वेळापत्रक बहुधा दुसऱ्या आठवड्यातच मोडतं.

उरले ३६

मटेरियल सायन्सच्या फेज डायग्रामच्या टिपणांवर पूर्ण संध्याकाळ गेली. चार रंगांचे पेन, चौकटी, अधोरेखन. वही दिसायला देखणी. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तीच लोह-कार्बन आकृती काढायला घेतली तर रेषा आल्या, आकडे आले नाहीत. युटेक्टॉइड कुठे आणि युटेक्टिक कुठे (आकृतीतले दोन महत्त्वाचे बिंदू), याचीच अदलाबदल झाली.

रंगीत टिपणं तिथेच बंद. आता पानाचा डावा तृतीयांश दुमडायचा. डावीकडे फक्त प्रश्न, उजवीकडे उत्तराचे मुद्दे. उजळणी करताना उजवी बाजू झाकलेली, उत्तर रफ कागदावर लिहायचं, मग उघडून ताडायचं. टिपण काढायला आधीच्या निम्मा वेळ लागतो, कारण वाक्यं सजवायची नसतात.

पुन्हा वाचणं फसवतं कसं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात दिसतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री वाचून ‘येतंय’ वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं असतं.

उरले ३३

कार्डं. पहिली खेप वाया गेली. ‘लोह-कार्बन आकृती समजवा’ असं एक कार्ड केलं की त्यातलं अर्धं आठवतं, अर्धं नाही, आणि ते आलं म्हणायचं की नाही यावरच गाडी अडते. एका कार्डावर एकच गोष्ट हवी. त्या एकाची फोड करून झालेली काही कार्डं :

युटेक्टॉइडचं तापमान? ७२७ अंश सेल्सिअस.
तिथे कार्बन किती? ०.७६ टक्के. (काही पुस्तकांत ०.८ आहे. आपल्या नेमलेल्या पुस्तकातला आकडा घ्यायचा आणि सगळीकडे तोच वापरायचा.)
युटेक्टिक? ११४७ अंश, ४.३ टक्के.
सावकाश थंड होताना युटेक्टॉइडला ऑस्टेनाइटचं काय होतं? फेराइट आणि सिमेंटाइटचे थर, म्हणजे पर्लाइट.

उजळणी जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये मांडलेल्या खोक्यांच्या पद्धतीने. तीन खोकी : पहिलं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ॲपमध्ये केलं तरी चालतं, पण रोजच्या नव्या कार्डांना मर्यादा घालायची. रोज ३० नवी टाकली तेव्हा आठवड्यात उजळणीची रांग दोनशेच्या वर गेली आणि गणितांचा वेळ खाल्ला. १२ वर आणल्यावर घडी बसली.

सिद्धता आणि गणितं कार्डावर घालायची नाहीत. कार्ड फक्त आकडे, व्याख्या, सूत्रं आणि सूत्र कधी लागू होत नाही यासाठी.

उरले २९

स्टॅटमध्ये एक विचित्र गोष्ट. प्रकरणाच्या शेवटची टी चाचणीची गणितं एकापाठोपाठ एक बरोबर आली. संध्याकाळी जुना पेपर घेतला तर त्याच पातळीच्या प्रश्नात अडकायला झालं. हिशेब येत होता, कुठली चाचणी लावायची ते येत नव्हतं. प्रकरणाच्या मथळ्यावरच ‘टी चाचणी’ लिहिलेलं असतं, तेव्हा तो निर्णय घ्यावाच लागत नाही. पेपरात मथळा नसतो.

उपाय म्हणून वेगवेगळ्या प्रकरणांतली वीस गणितं उतरवून, मथळे काढून, चिठ्ठ्या मिसळल्या. सोडवायची नाहीत. प्रत्येकीला दीड मिनिट, आणि एकच ओळ लिहायची : कोणती पद्धत आणि का. समष्टीचं विचलन माहीत असेल तर झेड. माहीत नसेल आणि नमुना लहान असेल तर टी. संख्या मोजमापाच्या नसून वर्गवारीतल्या वारंवारता असतील तर काय-वर्ग.

सगळ्यात जास्त चुका एकाच जागी. ‘१२ रुग्णांचा रक्तदाब औषधाआधी आणि औषधानंतर’ अशी दोन रकान्यांची सारणी दिली की ती दोन स्वतंत्र नमुन्यांसारखी दिसते. पण माणसं तीच १२ आहेत, म्हणून पेअर्ड टी : आधी प्रत्येकाचा फरक काढायचा, मग त्या फरकांवर चाचणी. स्वातंत्र्याच्या मात्रा ११ येतात, २२ नाही. ही एक गफलत झाली की पुढचं सगळं आखीवरेखीव लिहूनही उत्तर चुकतं.

ही चिठ्ठ्यांची अर्ध्या तासाची फेरी आता दर तिसऱ्या दिवशी. थर्मोलाही हेच लावलं : गणित बघून आधी फक्त ‘क्लोज्ड की ओपन सिस्टिम’ लिहायचं.

उरले २५

चुकांची वही सुरू केली. ही खरं तर पहिल्या दिवसापासून हवी होती, कारण आधी सोडवलेल्या पेपरांतल्या चुका शोधून उतरवण्यात एक संध्याकाळ गेली. प्रत्येक चुकीपुढे कारणाचं एक अक्षर : क म्हणजे कळलंच नव्हतं, आ म्हणजे आठवलं नाही, ह म्हणजे हिशेब, व म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही.

अक्षरामुळे उपाय ठरतो. क असेल तर पुस्तक, आ असेल तर कार्ड. ह आणि व यांना अभ्यास वाढवून काहीच फरक पडत नाही, तिथे सवय बदलावी लागते. थर्मोत ह आणि व मिळून निम्म्याहून जास्त निघाले, आणि ‘थर्मो अवघड आहे’ म्हणून आपण तीच प्रकरणं पुन्हा वाचत बसतो.

त्यातलं एक जवळून. कार्नो इंजिन, ३२७ अंश आणि २७ अंश सेल्सिअस, कार्यक्षमता काढा. घाईत १ वजा २७ भागिले ३२७, म्हणजे जवळपास ९२ टक्के. केल्व्हिनमध्ये ६०० आणि ३००, उत्तर ५० टक्के. सूत्र पाठ होतं, भागाकार बरोबर होता, गुण शून्याच्या आसपास. आता थर्मोच्या प्रत्येक गणिताची पहिली ओळ ठरलेली : दिलेलं सगळं एककांसह, तापमान केल्व्हिनमध्ये, कार्य कोणावर आणि कोणाकडून. एवढी एक ओळ लिहायला वीस सेकंद लागतात.

उरले २१

अर्धा रस्ता. तक्ता पाहिला : प्रोजेक्ट मॅनेजमेंटला जवळजवळ हात लागलेला नाही. थिअरीचा पेपर ‘शेवटी वाचून होईल’ म्हणून मागे ढकलला जातो, तसाच ढकलला गेला.

ऑप्शनला काय टाकायचं हेही आज ठरवलं. थर्मो आणि प्रोजेक्टमध्ये सातपैकी कोणतेही पाच. म्हणजे दोन प्रश्नांची सूट. एक युनिट सोडलं तर एका प्रश्नाची सूट शिल्लक राहते. दोन सोडली तर पाचच्या पाच प्रश्न यावेच लागतात आणि त्यातला एखादा वाकडा निघाला की १६ गुणांना खड्डा. शिवाय एकाच प्रश्नाचा अ भाग एका युनिटचा आणि ब भाग दुसऱ्याचा, असं जुन्या पेपरांत दिसलं, तेव्हा एक युनिट सोडून प्रत्यक्षात दोन प्रश्न हातचे जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त एक, आणि तेही गुणभार बघून. स्टॅटमध्ये प्रत्येक युनिटच्या आतच ‘अ किंवा ब’ असल्याने तिथे ऑप्शनला टाकण्यासारखं काही नाही.

ग्रुपमधल्या अभ्यासाबद्दल : चौघांनी मिळून गणित सोडवलं की चौघांनाही ते आलंय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते फळ्यापाशी उभ्या असलेल्यालाच आलेलं असतं. आता आधी प्रत्येकाने एकट्याने लिहून आणायचं, भेटीत फक्त अडलेलं आणि एकमेकांच्या उत्तरांची तपासणी. तीन तासांचं काम सव्वा तासात होतं.

उरले १७

थिअरी. टाइप करून उत्तरं तयार करत बसण्यात दोन दिवस गेले, आणि ते वाया गेले. पेपर हाताने लिहायचा आहे. हाताने पहिलं आठ गुणांचं उत्तर लिहिलं तेव्हा १६ मिनिटांच्या हिशेबात मजकूर निम्माही बसला नाही आणि अंगठा अवघडला. तयार केलेली उत्तरं दुपटीहून लांब होती.

आता प्रत्येक उत्तराला आधी दोन मिनिटं सांगाडा : पाच-सहा मुद्दे, एक आकृती किंवा तक्ता, एक उदाहरण. मग लिहायचं. परीक्षक मुद्दे शोधतो, म्हणून मुद्द्याचा शब्द ओळीच्या सुरुवातीला.

सीपीएमच्या जाळ्याला (क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे प्रकल्पातल्या कामांचा क्रम आणि वेळ मांडणारी आकृती) वेगळा वेळ दिला, कारण तिथे गुण पूर्ण मिळतात किंवा धडाधड जातात. ठरलेली चूक : एका गाठीला दोन कामं येऊन मिळतात, एक सातव्या दिवशी संपतं, दुसरं नवव्या. पुढे जाताना मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे ९. उलट येताना लहान. घाईत दोन्हीकडे एकच घेतला जातो. पडताळा सोपा : उलटी फेरी संपली की सुरुवातीच्या गाठीला शून्य यायला हवं. नाही आलं तर फ्लोट (प्रत्येक कामाला किती उशीर चालेल तो वेळ) काढत बसू नका.

उरले १४

पहिला पूर्ण मॉक, थर्मो, परीक्षेच्याच वेळेला, सकाळी १० ते १. फोन दुसऱ्या खोलीत.

पेपर अपुरा राहिला. स्टीम टेबलच्या १६ गुणांच्या एका गणितावर ४७ मिनिटं गेली, पाचव्या प्रश्नाला सुरुवातही झाली नाही. हिशेब असा : १८० मिनिटांतून १० वाचनाला, १० तपासणीला. उरली १६०, गुण ८०, म्हणजे गुणाला दोन मिनिटं आणि १६ गुणांना ३२. पुढच्या मॉकला रफच्या पानावर आधीच वेळा लिहिल्या : १०.४२, ११.१४, ११.४६, १२.१८, १२.५०. घड्याळ त्या आकड्याला आलं की अर्धं पान कोरं सोडून पुढे. प्रश्नातले पहिले निम्मे गुण स्वस्तात मिळतात आणि शेवटचे दोन फार महाग पडतात, म्हणून न सुरू केलेला प्रश्न सगळ्यात जास्त नुकसान करतो.

मॉक तपासायला लिहिण्याइतकाच वेळ राखून ठेवायचा. न तपासता दुसरा मॉक लिहिला तर त्याच चुका दुसऱ्यांदा पाठ होतात.

उरले १०

नवी कार्डं बंद. रात्री दीडपर्यंत बसून सकाळी स्टॅटचा मॉक दिला. वहीत आठ चुका ह आणि व च्या, क ची एकही नाही. झोप कापून मिळवलेले तास सकाळी व्याजासकट जातात. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात.

उरले ७

उजळणीचा क्रम उलटा : शेवटचा पेपर आधी, पहिला पेपर सगळ्यात शेवटी. वेळापत्रकात पेपरांमध्ये एकेक दिवसाचीच सुट्टी आहे. त्या एका दिवसात उजळणी होते, पहिल्यांदा शिकणं होत नाही.

प्रत्येक विषयाचं एक सूत्रांचं पान, ए-४ ची एकच बाजू. आधी आठवून लिहायचं, मग गाळलेलं लाल पेनाने भरायचं. लाल दिसतं तेवढंच आदल्या दिवशी बघायचं. मटेरियलच्या पानावर लाल राहिला तो लिव्हर रूल (आकृतीवरून प्रत्येक फेजचं प्रमाण काढायची रीत) : ज्या फेजचं प्रमाण हवं त्याच्या विरुद्ध बाजूचा हात अंशस्थानी. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात पर्लाइट काढायचा तर (०.४० − ०.०२२) भागिले (०.७६ − ०.०२२), म्हणजे सुमारे ५१ टक्के. हात उलटा घेतला की ४९ येतात, आणि दोन्ही आकडे इतके जवळ की शंका येत नाही. अशा वेळी ०.६ टक्के घालून बघायचं : कार्बन वाढला तर पर्लाइट वाढायला हवा.

उरले २

प्रवेशपत्र, ओळखपत्र, एकाच शाईची तीन पेनं, पेन्सिल, पट्टी, साधं घड्याळ. कॅल्क्युलेटरचं मॉडेल परवानगीच्या यादीत आहे ना ते पाहिलं, बॅटरी बदलली, स्टॅट मोडमधली जुनी आकडेवारी पुसली. ती राहून गेली तर सरासरीत न दिसता मिसळते. स्टीम टेबल आणि टी-वितरणाची सारणी केंद्रावर मिळणार की आपली न्यायची, हे आधी विचारून घ्यायचं.

पहिल्या पेपरनंतर

बाहेर उत्तरं जुळवत उभं राहायचं नाही असं ठरलं होतं, तरी वीस मिनिटं गेली. त्यातून कळलेली एक चूक दुरुस्त होणार नव्हती, आणि पुढच्या पेपरच्या पहिल्या तासावर पाणी पडलं.

चौथ्या पेपरनंतर

पुन्हा करायचं झालं तर तीन बदल. चुकांची वही पहिल्या दिवशी. थिअरीच्या पेपरचं हाताने लिहिणं ३० दिवस उरले असल्यापासून, रोज एक उत्तर. आणि स्टीम टेबल. टर्बाइनच्या गणितात रीत सगळ्यांना येते : एन्ट्रॉपी स्थिर धरायची, त्यावरून ड्रायनेस फ्रॅक्शन (मिश्रणातला वाफेचा वाटा), त्यावरून एन्थाल्पी. वेळ जातो तो बरोबर पान उघडण्यात, दाब बार आहे की किलोपास्कल ते बघण्यात आणि दोन ओळींच्या मधली किंमत काढण्यात. सराव पुस्तकामागच्या छोट्या सारणीवर झाला आणि केंद्रावर मिळालेल्या पुस्तिकेची मांडणी वेगळी निघाली. केंद्रावर देतात तीच पुस्तिका मिळवून तीच सुरुवातीपासून वापरायची, आणि गणित न सोडवता नुसत्या किमती शोधायचा दहा मिनिटांचा सराव वेगळा करायचा.